मागची बाजू आधी पाहा: सुरुवातीच्या लष्करी वैमानिक बिल्ल्यांची पारख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन बिल्ले एकत्र विकायला आले आहेत. पहिला म्हणजे ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरच्या वैमानिकाचे कापडावर भरलेले पंख. दुसरा प्रशियाच्या, म्हणजे जर्मन साम्राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या राज्याच्या, लष्करी वैमानिकाचा चांदीचा बिल्ला, त्याच्या मागे ८०० असा छाप आहे. तिसरा झारच्या काळातल्या रशियन लष्करी वैमानिकाचा. तिन्ही एकाच घरातून आले, असं विकणारा सांगतो. तुम्ही पुस्तकातल्या छायाचित्रांशी ताडून पाहिलंत, नक्षी तंतोतंत जुळली, आणि आता विचारताय की एवढं पुरे आहे का.

पुरे नाही. नक्षी जुळणं हा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. जे पुस्तक तुमच्या हातात आहे तेच नकली बिल्ला करणाऱ्याच्याही हातात असतं, आणि समोरची बाजू जुळवण्यावरच तो सगळी मेहनत घेतो. उलटही तितकंच खरं आहे. पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून बिल्ला नकली ठरत नाही. त्या काळात अधिकारी आपले पंख आपल्या शिंप्याकडून भरून घेत, जर्मन वैमानिक सोनाराकडून जास्त देखणा बिल्ला पदराला खार लावून करून घेत. पिसांची संख्या, मुकुटाची उंची, पानांची ठेवण यांत कारागिरागणिक फरक पडायचा. म्हणून मी नक्षीपासून सुरुवात करत नाही. ही वस्तू कशी बनली, आणि तिचा प्रत्येक भाग एकाच काळाबद्दल बोलतो का, एवढंच मी आधी बघतो. पिन एक काळ सांगते, झाळ (धातूचे तुकडे जोडणारा डाक) दुसरा आणि छाप तिसरा, असं झालं की तिथेच थांबायचं.

आधी काळाबद्दल थोडं. प्रशियाचा वैमानिक बिल्ला २७ जानेवारी १९१३ रोजी, म्हणजे कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या वाढदिवशी सुरू झाला. ब्रिटिश पंखांना पाचव्या जॉर्जची मंजुरी १ फेब्रुवारी १९१३ ची. अमेरिकेचा पहिला बिल्ला त्याच वर्षीच्या मे महिन्यातला, रशियाचाही १९१३ चाच. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती आणि कोणत्याही सैन्यात वैमानिक मोजकेच होते. पुढे युद्धात हजारोंनी तयार झाले. त्यामुळे आज जे अस्सल बिल्ले दिसतात त्यांतले बहुतेक युद्धकाळातले किंवा त्यानंतरचे आहेत. नमुना १९१३ चा असतो, वस्तू १९१७ ची असते. विकणारा ‘१९१३ चा बिल्ला’ म्हणतो तेव्हा तो नमुन्याबद्दल बोलतोय की वस्तूबद्दल, हे आधी स्पष्ट करून घ्या.

जर्मन बिल्ल्यांच्या बाबतीत आणखी एक मधला वर्ग आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत जुन्या वैमानिकांनी झिजलेल्या किंवा हरवलेल्या बिल्ल्यांच्या जागी नवे करून घेतले. ते नकली नाहीत, ज्याला हक्क होता त्यानेच ते छातीवर लावले. पण ते युद्धकाळातलेही नाहीत. हा फरक लपवून विकणं ही फसवणूकच, आणि ती फार होते.

आता प्रशियाचा बिल्ला हातात घेऊ, कारण शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त त्यातच आहे.

लॉरेल आणि ओक यांच्या पानांचं लंबगोल कडं, वर मुकुट, मध्ये शेतांवरून उडणारं टाउबे जातीचं विमान. हे सगळं बघून झालं की बिल्ला उलटा करा आणि नंतर आडवा धरून कड पाहा. भिंग दहापटीचं पुरतं. उजेड मात्र एका बाजूने, तिरका पडू द्या. समोरून पाडलेल्या उजेडात धातूचे दोष विरघळून जातात.

बिल्ला ठोकीव आहे की ओतीव, हा पहिला प्रश्न. ठोकीव बिल्ल्यात पोलादी ठशाखाली चांदीचा पत्रा ठेवून भारी प्रेसने दाबतात. दाबाखाली धातू ठशाच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरतो, पृष्ठभाग घट्ट होतो, बारीक रेघा टोकदार उमटतात. मग कडेचा जादा धातू छाटला जातो आणि छाटणीच्या बारीक, उभ्या, समांतर रेघा कडेवर राहतात. मधल्या फटी करवतीने कापल्या असतील तर करवतीचे दातही भिंगाखाली दिसतात. ओतीव बिल्ल्याची जात वेगळी. अस्सल बिल्ल्यावरून रबरी साचा घेतात, त्यात मेण, मेणावर प्लास्टर, आणि शेवटी वितळलेला धातू. थंड होताना धातू आकसतो. पानांच्या शिरा बोथटतात, खोलगट जागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, आणि साच्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या जागी धातूचे बारीक गोल दाणे उठतात. मुकुटाच्या कमानींखाली आणि विमानाच्या पंखाखाली हे दाणे हमखास सापडतात, कारण तिथे कानस पोचत नाही. कड कानसने साफ केलेली असते, त्यामुळे तिथले ओरखडे उभे आणि समांतर नसतात, तिरपे आणि अस्ताव्यस्त असतात.

आकुंचन मोजताही येतं. चांदी आणि साचा मिळून माप साधारण दोन-तीन टक्क्यांनी घटतं. अस्सल नग ७० मिलिमीटर उंच असेल तर त्यावरून ओतलेला दीड-दोन मिलिमीटरने बुटका भरतो. साध्या पट्टीने हे कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर हवा. शिवाय ताडून पाहायला त्याच ठशातून निघालेल्या अस्सल नगाचं माप हवं, दुसऱ्याच कारागिराच्या नगाचं नव्हे. हल्ली मूळ वस्तू स्कॅन करून, किंचित मोठी करून, थ्रीडी छापून मग ओततात, तेव्हा नुसत्या मापावर विसंबू नका. अशा नगांवर छपाईच्या थरांच्या अगदी बारीक पायऱ्या उतारांवर राहून जातात. पॉलिश न पोचलेल्या खोबणीत त्या शोधायच्या.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी याच जातीचा एक बिल्ला अस्सल म्हणून घेतला. चांदी बरोबर, वजन पटण्यासारखं, मागे छाप. मुकुटाच्या डाव्या खांद्याशी एक छोटासा पोचा होता, तांदळाच्या कणीएवढा. तो मला वापराची खूण वाटला आणि खरं सांगायचं तर त्या पोच्यामुळेच माझा विश्वास बसला. वर्षभराने दुसऱ्या एका संग्रहात तसाच बिल्ला पाहिला. त्याच खांद्यावर, त्याच आकाराचा, त्याच कोनातला पोचा. दोन वेगळ्या माणसांच्या छातीवरचे बिल्ले अगदी एकाच जागी सारखेच चेपत नाहीत. दोन्ही एकाच मूळ नगावरून ओतलेले होते आणि मूळ नगाची जखम दोघांनी वारशात घेतली होती. तेव्हापासून कुठल्याही बिल्ल्यावरची प्रत्येक खरचट, प्रत्येक पोचा मी फोटोत टिपून ठेवतो. हा फोटोंचा साठा मला पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

ठशाच्या दोषांचं मात्र याच्या नेमकं उलट आहे. पोलादी ठसा वापरता वापरता तडकतो आणि ती तड प्रत्येक नगावर बारीक उंच रेघ होऊन उमटते. अस्सल म्हणून सिद्ध झालेल्या नगांवर जी रेघ आहे तीच तुमच्या नगावर असेल तर तो चांगला पुरावा. खोलगट पोचा सारखा असेल तर संशय, उंच रेघ सारखी असेल तर भरवसा. ठोकीव बिल्ल्यांपुरता हा फरक पक्का लक्षात ठेवा. एक अवघड गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जुने ठसे शाबूत राहिले आणि पुढे कुणी त्यांतून नवे नग काढले, तर समोरची बाजू काहीही सांगू शकत नाही. तिथे सगळा निकाल मागच्या बाजूवर, झाळीवर आणि पिनेवर लागतो.

चांगले जर्मन नग पोकळ असतात. फुगवून उठवलेला पुढचा पत्रा आणि सपाट मागचा पत्रा, दोन्ही कडेने चांदीच्या झाळीने जोडलेले. तो जोड नखाने चाचपडून पाहा. नीट झाळलेला जोड जवळजवळ जाणवत नाही. झाळताना आतली हवा तापून फुगते, म्हणून कुठेतरी हवेसाठी बारीक भोक ठेवलेलं आढळतं. कथलाची मऊ, राखाडी झाळ कडेने ओघळलेली दिसली तर तो जोड नवा आहे किंवा मोठी दुरुस्ती झाली आहे. दोन्ही पत्रे चिकटवलेले असतील तर अतिनील दिव्याखाली गोंद बहुधा चमकतो आणि प्रश्न मिटतो.

छापाबद्दल. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर आणि राजमुकुट अशी जोडखूण, सोबत कसाचा आकडा, अशी राष्ट्रीय पद्धत लागू झाली. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. लहान नगांवर नुसता ८०० किंवा त्यासोबत कारागिराचं नाव एवढंच सापडतं, त्यात वावगं नाही. पण छाप कसा बसला आहे ते बघा. खऱ्या छापात अक्षराच्या भिंती उभ्या, तळ सपाट, आणि भोवती धातू किंचित दबलेला किंवा उठलेला असतो. छाप जर बिल्ल्यासोबतच साच्यातून आला असेल तर अक्षरांचे काठ विरघळल्यासारखे गोल दिसतात आणि आत तीच दाणेदार कातडी असते जी बाकी पृष्ठभागावर आहे. छाप मारल्याची ही खूण ओतलेल्या छापात आणता येत नाही.

भरीव नग असेल तर घनता मोजा. समजा बिल्ला हवेत २३.४ ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि बिल्ला दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काट्याने २.३ ग्रॅम दाखवले तर २३.४ ला २.३ ने भागून घनता १०.१७ येते. ८०० कसाच्या चांदीला हे पटतं, स्टर्लिंग म्हणजे ९२५ कसाची १०.३६ च्या आसपास असते. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा अंशही नसतो, ९ च्या आतच राहतं. पोकळ बिल्ल्यावर हा प्रयोग करू नका. आतली हवा हिशेब बिघडवते आणि हवेच्या भोकातून पाणी शिरलं तर ते आतून बिल्ला खात राहतं. एक्स-रे फ्लुओरेसन्सची तपासणी मिळाली तर उत्तमच, फक्त ती वरचा थर वाचते हे विसरू नका, मुलामा जाड असेल तर ती फसते. त्या अहवालात चांदीसोबत जर्मेनियम निघालं तर मात्र विषयच संपला. काळवंडू नये म्हणून जर्मेनियम घातलेली चांदी १९९० च्या दशकात आली.

काळेपणाकडे बघताना घाई होते, म्हणून सांगतो. गंधकाच्या द्रावणात बुडवून चांदी पाच मिनिटांत काळी करता येते. पण तो काळेपणा सगळीकडे सारखा पसरतो, पिनेच्या बिजागरीच्या आत, झाळीवर, अगदी ताज्या कानसल्या जागीसुद्धा. अंगावर वापरलेल्या बिल्ल्याची झीज अर्थ लावता येण्यासारखी असते. समोर उंच भाग गुळगुळीत, खळग्यांत काळं. मागे कोटाच्या कापडाने घासून मऊ पडलेली पाठ. आणि पिनेचं टोक उघडता-मिटताना ज्या कमानीत फिरतं, त्या कमानीत साचलेले शेकडो बारीक ओरखडे. ही कमान मी दरवेळी शोधतो. पाठीवर भरपूर ‘जुनेपणा’ आहे पण कमान नाही, आणि पीन मूळची आहे असं विकणारा म्हणतोय, तर दोन गोष्टींपैकी एक खोटी आहे.

पिनेचा प्रकारही काळ सांगतो. साधा आकडा आणि नळीची बिजागरी ही जुनी जोडी. अमेरिकन पंखांवर हल्ली दिसणारी, मागून दाबून बसवायची दोन टिकल्यांची पकड १९४० च्या दशकातली आहे. १९१८ चे म्हणून दाखवलेले पंख तशा पकडीचे असतील तर ते तरी नंतरचे आहेत किंवा त्यांची पाठ नंतर बदलली आहे. पीन बदललेली असणं हा गुन्हा नाही, शंभर वर्षांत पिना तुटतातच. जुन्या झाळीचा डाग, त्याशेजारी नवी झाळ, असा दुरुस्तीचा माग दिसला तर मला उलट बरंच वाटतं. माग नसताना नवी पीन असेल तर विचारावं लागतं.

रशियन बिल्ल्याचा निकाल एका छापावरही लागू शकतो. झारच्या काळातला चांदीचा कस झोलोत्निकमध्ये मोजत, ८४ म्हणजे हजारात ८७५. सोबत कोकोश्निक, म्हणजे उंच शिरपेच घातलेल्या स्त्रीचं मुख. १८९९ पासून १९०८ पर्यंत हे मुख डावीकडे पाहतं, १९०८ नंतर उजवीकडे, आणि नंतरच्या छापात जिल्ह्याचं ग्रीक अक्षर असतं, सेंट पीटर्सबर्गसाठी अल्फा, मॉस्कोसाठी डेल्टा. लष्करी वैमानिकाचा बिल्लाच मुळी १९१३ चा. तेव्हा त्यावर डावीकडे पाहणारं मुख दिसलं तर पुढे काही बघायचं कारण नाही. उजवीकडे पाहत असेल तर एवढंच सिद्ध होतं की नकली करणाऱ्याने अभ्यास केला होता किंवा बिल्ला खरा आहे. मग मागचा मळसूत्री दांडा बघा. दांड्याच्या बुडाशी झाळ चांदीची आहे का, फिरकी, म्हणजे दांड्यावर आवळायची चकती, त्याच चांदीची, तितकीच झिजलेली आहे का, आणि फिरकी घट्ट बसून पाठीवर वर्तुळाकार घासवट उमटली आहे का. फिरकी बऱ्याचदा हरवते आणि दुसरी येते, त्यामुळे नुसती वेगळी फिरकी ही मोठी गोष्ट नाही. रशियन बिल्ल्यांच्या नकला इतक्या आहेत की या वर्गात मी स्वतः एकट्याच्या मतावर निर्णय घेत नाही.

मिनाकाम असलेल्या बिल्ल्यांबद्दल दोन शब्द, कारण ऑस्ट्रिया-हंगेरीचे हिरव्या कड्याचे बिल्ले कधीतरी तुमच्यासमोर येतीलच. खरा मिना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. तो थंड लागतो, सुईने ओरखडत नाही आणि फुटला तर शंखासारखा कवची तुकडा उडतो. रेझिनचा रंग उबदार, मऊ, काठाशी किंचित वर आलेला असतो. सुई लावायचीच झाली तर मागच्या काठाशी, मालकाची परवानगी घेऊन. या बिल्ल्यांवर सम्राटाचं आद्याक्षर येतं आणि फ्रान्झ योसेफचा मृत्यू २१ नोव्हेंबर १९१६ चा आहे. कार्लच्या अक्षराचा बिल्ला आणि सोबत १९१५ ची कागदपत्रं अशी जोडी आली तर ती नंतर जमवलेली आहे.

आता कापडी पंख. धातूची पारख करणारे पुष्कळ आहेत, कापडाकडे लोक नुसतं नजरेने बघतात. तुमच्या तिघांत मला यावरच सगळ्यांत जास्त वेळ घालवावासा वाटतो.

रॉयल फ्लाइंग कोअरचे पंख म्हणजे गडद कापडावर पांढऱ्या-सायीच्या रंगाच्या रेशमाने भरलेले, फुगीर पंख, मध्ये तपकिरी पानांच्या कड्यात आरएफसी ही गुंफलेली अक्षरं आणि वर मुकुट. १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स झालं आणि अक्षरं बदलली. मुकुट ट्यूडर पद्धतीचा हवा, ज्याच्या कमानी गोलसर वर उठतात. १९५३ च्या सुमारास मध्यभागी खचलेल्या कमानींचा मुकुट आला. जुन्या पुस्तकांत ‘ट्यूडर मुकुट म्हणजे १९५३ च्या आधीचा’ असा सोपा नियम दिलेला असतो. तो आता चालत नाही, कारण तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडला आणि तो घेऊन नवे बिल्ले निघू लागले आहेत.

पंख उलटे करा. हाताने भरलेल्या कामाची पाठ अव्यवस्थित पण तर्काला धरून असते. दोरा एका पिसावरून दुसऱ्यावर उडी मारतो, गाठी दिसतात, मागे विरळ सुती कापडाचं किंवा कागदाचं अस्तर असतं. यंत्राने भरलेल्या कामाची पाठ दिसताच ओळखू येते, खालचा दोरा एकाच पांढऱ्या रंगाचा आणि टाके मोजल्यासारखे समान. यंत्रकाम असलं म्हणजे लगेच नकली असं नाही, पण विकणारा ‘हाताने भरलेलं’ म्हणत असेल तर त्याला तिथेच विचारा.

मग खोली अंधारी करून अतिनील दिवा लावा. जुनं रेशीम, लोकर आणि सूत मंद दिसतं. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून घालतात ती रसायनं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व नंतर रूढ झाली आणि ती निळसर-पांढरी झगझगतात. दोरा झगझगला तर तो नवा असण्याचा संशय घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. अस्सल पंख कुणीतरी आधुनिक साबणाच्या पावडरीत धुतले असतील तर तेही चमकतात. धुतल्याने आलेली चमक कापड, दोरा, अस्तर सगळ्यांवर पसरते. नव्या दोऱ्याची चमक फक्त दोऱ्यापुरती राहते, शेजारचं कापड काळंच राहतं. उलट, काहीच चमकलं नाही म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, न चमकणारा दोरा आजही मिळतो. मागे सुटलेला एखादा धागा असेल आणि मालकाने परवानगी दिली तर तो जाळून पाहता येतो. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखी वास मारतात आणि चुरा होतात, नायलॉन व पॉलिएस्टर वितळून मणी होतात. नायलॉन १९३० च्या दशकाच्या अखेरचं, पॉलिएस्टर १९४० च्या दशकातलं. एवढा एक मणी पुरतो.

कोटावरून उतरवलेल्या पंखांच्या कडेने शिवणीची भोकं असतात आणि त्यांत कोटाच्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात. कडा आत दुमडून शिवल्या असतील तर दुमड हलक्या हाताने उचला. आतलं कापड उन्हापासून वाचलेलं असतं, म्हणून तिथला रंग समोरच्यापेक्षा गडद हवा. मी एकदा अशीच दुमड उचलली तेव्हा आत निळसर काळा गडद पट्टा होता, बाहेर उडालेला करडा, आणि दोन्हींच्या सीमेवर शंभर वर्षांची धूळ रेघेसारखी साचलेली. चहात बुडवून जुनं केलेलं कापड दुमडीच्या आतही तितकंच तपकिरी असतं. कसर लागल्याची भोकंही तपासा. कसर लोकर खाते, सूत सहसा सोडते, त्यामुळे लोकरीच्या कापडाला भोक आणि खालचं सुती अस्तर शाबूत, हे नैसर्गिक आहे. दोन्हींना आरपार एकच भोक असेल तर ते दुसऱ्या कशाने पाडलेलं आहे.

मागे पीन असलेले, चांदी-सोन्याचे, छोटे आरएफसी पंख दिसले तर ते बहुधा वैमानिकांनी आई, बहीण, प्रेयसी यांना दिलेले दागिने असतात. ते त्या काळचेच, अस्सल आणि सुंदर असतात, पण गणवेशावरचे बिल्ले नव्हेत.

नाव कोरलेलं असेल तर त्याची परीक्षा वेगळी. अस्सल पण साध्या बिल्ल्यावर प्रसिद्ध वैमानिकाचं नाव नंतर कोरून त्याचं मोल वाढवणं हा जुना धंदा आहे. भिंगाखाली एक अक्षर धरा आणि एखादी जुनी खरचट अक्षराला कुठे छेदते ते शोधा. खरचट अक्षराच्या खोबणीवरून जात असेल, तिचे काठ मोडत असेल, तर नाव आधीचं. अक्षराने खरचट मधोमध कापली असेल, तर बिल्ला झिजल्यानंतर नाव आलं. हाताच्या छिन्नीची खोबण इंग्रजी व्ही सारखी आणि आतून चकचकीत असते. लेसरची खोबण सगळीकडे सारख्या खोलीची, तळाशी जळकट.

कागदपत्रांबद्दल. ब्रिटिश हवाई अधिकाऱ्यांच्या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर ७६ या मालिकेत आहेत आणि रॉयल एअरो क्लबच्या प्रमाणपत्रांच्या कार्डांवर बऱ्याचदा वैमानिकाचा फोटोही सापडतो. फ्रेंच बिल्ल्यांपैकी अनेकांच्या मागे क्रमांक कोरलेला असतो, तो वैमानिकाच्या नावाशी जुळवता येतो का ते बघावं. पण प्रशियाच्या सैन्याचं पॉट्सडॅममधलं दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, म्युनिकमधलं बव्हेरियाचं मात्र वाचलं. अमेरिकेत सेंट लुइसला १२ जुलै १९७३ च्या आगीत पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी सैनिकांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर गेल्या. याचा अर्थ नोंद सापडली नाही म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही. पण ज्याला खोटी गोष्ट रचायची आहे तो नेमकी प्रशियाच्याच वैमानिकाची रचतो, कारण ती कुणाला खोडून काढता येत नाही. बव्हेरियाच्या बिल्ल्यासोबत नाव आलं तर आधी म्युनिकला विचारा.

फोटो सोबत दिला असेल तर त्यातल्या माणसाच्या छातीवरचा बिल्ला भिंगातून पाहा. मुकुटाचा आकार, कड्याची जाडी, विमानाचा कोन तुमच्या नगाशी जुळतो का? कितीतरी वेळा फोटो अस्सल, बिल्ला अस्सल, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं निघतं.

म्हणूनच ‘तिन्ही एकाच घरातून’ या वाक्याला मी शून्य वजन देतो. ब्रिटिश, प्रशियन आणि रशियन वैमानिक बिल्ले एका घरात असू शकतात, सैनिक शत्रूच्या वस्तू आठवण म्हणून आणतच. पण ते घर बहुधा एखाद्या संग्राहकाचं असतं, आणि संग्राहकाच्या कपाटात खरं-खोटं शेजारी शेजारी बसतं. एक बिल्ला खरा निघाला तर बाकीच्या दोघांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खऱ्या बिल्ल्याच्या आधाराने खोटा खपवायची पद्धत फार जुनी आहे.

तुमच्या हातात आज काय करण्यासारखं आहे ते सांगतो. बिल्ले पुसू नका, चांदीचं पॉलिश तर मुळीच लावू नका, आपण जे पुरावे शोधतोय ते सगळे त्या काळ्या थरात आहेत. विकणाऱ्याकडून प्रशियन बिल्ल्याची पाठ, कड चारी बाजूंनी, पीन उघडलेली आणि मिटलेली, आणि छाप तिरक्या उजेडात, असे फोटो मागा. रशियन बिल्ल्याच्या कोकोश्निकचं तोंड कुठे वळलं आहे आणि दांड्याचं बूड कसं आहे, ते दिसायला हवं. पंखांची पाठ, एका दुमडीचा आतला रंग आणि अंधारात अतिनील दिव्याखालचा एक फोटो. व्यवहार तिघांचा एकत्र न करता एकेकाचा स्वतंत्र करायला सांगा, आणि नकली ठरल्यास परत घेण्याची लेखी हमी घ्या. पाठीचे फोटो द्यायला तो तयार नसेल तर मी स्वतः तिथून उठलो असतो. दिले, तर नग क्रमाने पाठवा, प्रशियन आधी. त्याच्या मुकुटाचा डावा खांदा जवळून टिपायला विसरू नका. माझ्याकडच्या त्या ओतीव बिल्ल्याचा फोटो मी शेजारी ठेवून बघेन.